उशिरा येणारे हसू

आलेले पत्र (थोडे संक्षिप्त करून):

‘सप्रेम नमस्कार. माझे वय 46 असून मी एका कार्यालयात हिशेब विभागात काम करतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहाजण एकत्र बसतो. गेले काही महिने तिथे बोलण्याचा विषय एकच असतो, तो म्हणजे टीव्हीवरची एक विनोदी मालिका. आदल्या रात्रीचे प्रसंग एकमेकांना ऐकवायचे आणि हसायचे. आपणही पाहावी म्हणून मी रात्री सगळे झोपल्यावर, कानांत इअरफोन घालून, फोनवर तिचे तीन भाग पाहिले. मला एकदाही हसू आले नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर मी सहज बोलून गेलो, “यात हसण्यासारखं काय आहे?” सगळे गप्प झाले. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर हसतो, म्हणजे हसल्यासारखे करतो. घरी पत्नी आणि 14 वर्षांची मुलगी तीच मालिका पाहतात. त्यांच्या शेजारी बसून मी तेच करतो. परवा मुलगी म्हणाली, “बाबा, तू नेहमी आमच्यानंतर हसतोस.” लहानपणी विनोदी मालिका पाहताना माझे पोट दुखायचे. तेव्हाच्या मालिकाच चांगल्या होत्या, की माझी विनोदबुद्धी गेली?

ता. क. गेल्या आठवड्यात कार्यालयात “वेळेचे नियोजन” या विषयावर सभा होती. ती पाऊण तास उशिरा सुरू झाली. उशिराबद्दल कोणी काही बोलले नाही आणि वक्त्याने पडद्यावर पहिलाच शब्द दाखवला तो “वक्तशीरपणा”. मला इतके हसू आले की खोकल्याचे निमित्त करून व्हरांड्यात जावे लागले. हे विचित्र आहे का?

— उशिरा हसणारा’

उत्तर:

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या ताज्या कलमातच आहे, आणि ते तुम्ही जाता जाता, काहीशा संकोचाने लिहिले आहे, याचे मला नवल वाटले. एक खोलीभर माणसे तो शब्द पाहतात, त्यांतली काही तो वहीत उतरवूनही घेतात, आणि एकट्या तुम्हाला मात्र त्या शब्दामागचा पाऊण तास दिसतो व हसू आवरेनासे होते. ज्याची विनोदबुद्धी गेली आहे त्याच्या बाबतीत असे घडत नाही. ती टीव्हीसमोर का येत नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याहून नाजूक प्रश्न असा, की जिथे ती येत नाही तिथे ती आल्याचे सोंग तुम्ही का घेता.

एक गोष्ट मात्र आधी वेगळी काढून ठेवते. हसू येत नाही या तक्रारीबरोबर झोप उडाली असेल, पूर्वी ज्यात मन रमत असे त्या कशातच ते रमत नसेल, माणसे नकोशी होत असतील आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर ते डॉक्टरांना दाखवण्याचे दुखणे आहे, तिथे या सदराचा उपयोग नाही. व्हरांड्यात जाऊन हसणाऱ्या माणसाच्या पत्रात मला तसे काही दिसले नाही, म्हणून पुढे लिहिते आहे.

आधी विनोद होतो आणि मग हसू येते, असे आपण धरून चालतो, आणि तुमची सगळी काळजी त्या समजातून आली आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूविज्ञान-संशोधकाने माणसे प्रत्यक्षात केव्हा हसतात हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा सोडली आणि मदतनिसांसह सार्वजनिक ठिकाणी लोकांच्या गप्पांना कान देऊन हसण्याचे सुमारे 1,200 प्रसंग टिपून घेतले. हसू फुटण्याच्या लगेच आधी जे बोलले गेले होते ते बहुतेक वेळा विनोदाच्या जवळपासही नव्हते; ‘चला, भेटू पुन्हा’ या धाटणीची साधी वाक्ये होती ती. ज्याला ओढूनताणून का होईना विनोद म्हणता येईल असे बोलणे फार तर पाचांतून एकदा सापडले. त्याच्याच आणखी एका पाहणीत विद्यार्थ्यांनी आपल्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या, आणि टीव्ही, पुस्तक यांसारखी सोबत वगळून हिशेब केला तेव्हा माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे 30 पट चारचौघांत हसतो, असे दिसले. तुम्ही हिशेब विभागात आहात म्हणून हा आकडा मुद्दाम पुढे ठेवते. रात्री सगळे झोपल्यावर, कानांत इअरफोन घालून, ‘यात एवढे काय आहे ते बघूच’ अशा तपासणीसाच्या बेताने तुम्ही ती मालिका पाहायला बसलात, तेव्हा हसण्याचे बहुतेक भांडवल तुम्ही आधीच दाराबाहेर ठेवले होते.

टीव्हीवाल्यांना ही गोष्ट संशोधकांच्या फार आधी कळली होती. अमेरिकेत 1951 साली ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका सुरू झाली तेव्हा समोर खरेखुरे प्रेक्षक बसवून ती तीन कॅमेऱ्यांनी चित्रित केली जात असे, कारण नायिका लूसिल बॉल समोर माणसे असली की अधिक खुलत असे. त्या प्रेक्षकांत तिची आईही येऊन बसे. आता काहीतरी गडबड होणार असे दिसले की तिच्या तोंडून ‘अरेरे’ म्हणावे तसा एक उद्गार निघे, आणि तो ध्वनिमुद्रणात अजूनही ऐकू येतो. एका आईला आपल्या मुलीचे काय होणार याची लागलेली ती काळजी अख्ख्या देशाने विनोद म्हणून ऐकली, हे मला त्या मालिकेइतकेच गमतीचे वाटते.

पण प्रत्येक मालिकेला प्रेक्षक बसवणे जमत नसे, आणि बसवलेले प्रेक्षक हव्या त्या जागी हसतीलच याची खात्री नसे. म्हणून चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हसण्याची एक पेटी बनवली. तीत ध्वनिफितीची 32 वेटोळी होती आणि प्रत्येकावर 10 याप्रमाणे 320 हशे साठवलेले होते. टंकलेखन यंत्रासारख्या कळा हाताने आणि पॅडल पायाने दाबत हा गृहस्थ ते हशे हार्मोनियम वाजवावी तसे वाजवत असे, आणि ते कसे वाजवतो हे कोणाला कळू नये म्हणून पेटीला कुलूप लावून ठेवत असे. एक काळ असा होता की अमेरिकेतल्या बहुतेक विनोदी मालिकांना हसू पुरवण्याचे काम त्याच्याकडे आणि त्याच्या हाताखालच्या माणसांकडे होते. त्या पेटीत तऱ्हेतऱ्हेचे हसू होते: गृहिणीचे खुदखुदणे होते, सगळ्यांच्या आधी कळून हसणारा होता, आणि विनोद कळला नाही तरी इतर हसतात म्हणून हसणाराही होता. तुमचे पत्र वाचताना मला हा शेवटचा माणूस आठवला. डग्लसने त्यालाही पेटीत जागा दिली होती. तेव्हा ज्याची तुम्हाला लाज वाटते तो माणूस प्रत्येक प्रेक्षकागारात असतोच, असे समजायला हरकत नाही.

मराठीत हे काम आपण कंसाने केले. जुन्या छापील भाषणांत वाक्य संपले की कंसात ‘हशा’, आणि वक्ता फारच मोठा असेल तर ‘प्रचंड हशा व टाळ्या’. माझा स्वतःचा एक अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. एका छोट्या संमेलनात मला विनोदावर बोलायला बोलावले होते, आणि माझ्या सबंध भाषणात सभागृहातून जो एकमेव आवाज आला तो कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा होता. काही महिन्यांनी स्मरणिका आली. तीत माझे भाषण छापले होते आणि सात ठिकाणी कंसात ‘हशा’ होता. मी संपादकांना फोन करून विचारले, तर ते अगदी निरागसपणे म्हणाले, ‘तिथं हसणं अपेक्षित होतं ना?’ मला राग यायला हवा होता. पण ते भाषण घरी पुन्हा वाचताना त्या कंसांपाशी मला स्वतःलाच हसू आले, आणि आपण त्या दिवशी बरे बोललो होतो की काय अशी शंकाही आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सोफी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली असाच अनुभव प्रयोगाने पडताळून पाहिला. त्यांनी 40 पाणचट विनोद निवडले आणि त्यांना कधी मुद्दाम काढलेले, तर कधी आपसूक आलेले हसू जोडून लोकांना ऐकवले. कुठलेही हसू जोडले तरी विनोद अधिक बरा वाटला, पण आपसूक आलेले हसू जोडले तेव्हा त्याहूनही बरा वाटला.

म्हणजे ऐकणाऱ्याला फरक कळतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात 24 वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांना दोघांनी एकत्र हसल्याचे अगदी एकेका सेकंदाचे तुकडे ऐकवून, हे दोघे मित्र आहेत की अनोळखी, असे विचारले होते. भाषा कळत नसतानाही त्यांचे अंदाज निव्वळ अटकळीपेक्षा अधिक बरोबर आले. तिथे एका सेकंदात अनोळखी माणसांना जे कळते ते तुमच्या मुलीला तुमचे हसणे 14 वर्षे ऐकल्यावर कळणार नाही, असे तुम्ही धरून चाललात ही तुमची खरी चूक. खरे हसू दुसऱ्याच्या हसण्यात मिसळत जाते. तुमच्या हसण्याला मात्र आधी त्या दोघी हसल्याचे ऐकावे लागते, मग आता हसायला हवे हे ठरवावे लागते आणि मग कळ दाबावी लागते. एवढ्या कामाला थोडा वेळ हा लागणारच. डग्लसचे काम सरस ठरे, कारण विनोद केव्हा येणार हे त्याला आधीपासून माहीत असे.

आता त्या तीन भागांविषयी. प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका चुटक्यासारखी नसते, तिचा विनोद ओळखीवर चालतो. समजा, एका मालिकेत एक चिकट स्वभावाचा गृहस्थ आहे, आणि दाराची घंटा वाजली की तो आधी दिवा मालवतो आणि मग दार उघडतो. तिसऱ्या भागात हे पाहणाऱ्याला एक माणूस दिवा मालवताना दिसतो, यापलीकडे काही नाही. चाळिसाव्या भागात मात्र घंटा वाजताच कॅमेरा नुसता बटणाकडे वळतो, त्या माणसाचा हात अजून चौकटीत आलेलाही नसतो, आणि घरोघरी लोक हसत सुटतात. त्या क्षणी पडद्यावर विनोद म्हणावा असे काहीच नसते, तो प्रेक्षकांच्या आठवणीत असतो. तुमचे सहकारी टेबलावर जे ऐकवतात ते या आठवणीचे तुकडे आहेत, आणि आठवण नसलेल्या माणसाला ते तुकडे निरर्थक वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांचीही इथे फसगत झालेली आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश मालिकेची पहिली संहिता बीबीसीतल्या ज्या तज्ज्ञाने वाचली त्याने ती साफ टाकाऊ ठरवली होती. संहिता वाचून तीत विनोद आहे की नाही ते सांगणे हीच त्याची नोकरी होती. 1975 आणि 1979 साली मिळून त्या मालिकेचे अवघे 12 भाग झाले आणि 2000 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने निवडलेल्या 100 ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या यादीत ती पहिली आली. अमेरिकेत ‘साइनफेल्ड’चा पहिला भाग चाचणीच्या प्रेक्षकांना अजिबात रुचला नव्हता, आणि 1989 साली तो दाखवल्यानंतर वाहिनीने आणखी फक्त चार भाग मागवले होते. पुढे ती मालिका 1998 सालापर्यंत चालली.

यावरून ‘तुम्हीही चाळीस भाग पाहा’ असा सल्ला मी देईन असे तुम्हाला वाटले असेल, तर तसे नाही. सहकाऱ्यांच्या प्रेमाखातर माणसाने एवढ्या रात्री खर्ची घालाव्यात असे मला वाटत नाही, आणि चाळीस भागांनंतरही ती मालिका तुम्हाला रटाळ वाटू शकेल, कारण काही मालिका लोकप्रिय असूनही खरोखरच रटाळ असतात. माणसाचा विनोदाचा बाजही वेगवेगळा असतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाल जेमतेम फुलतात आणि दात दिसत नाहीत ते स्मित, इथपासून सुरुवात करून हसित, विहसित, उपहसित, अपहसित असे करत डोळ्यांत पाणी आणणाऱ्या, कुशी धरायला लावणाऱ्या अतिहसितापर्यंत ते जातात. सभेचा किस्सा वगळला तर तुम्ही मला स्मिताच्या घरचे दिसता आणि अतिहसिताच्या टेबलावर जेवायला बसता. (भरतांनी स्मित व हसित उत्तम पात्रांना आणि शेवटचे दोन प्रकार अधम पात्रांना वाटून दिले आहेत, हे मला सांगायचे नव्हते, कारण ही माहिती तुम्ही उद्या टेबलावर वापराल. कृपया वापरू नका.) त्याच ठिकाणी भरत आणखी एक भेद करतात. माणूस स्वतः हसतो तेव्हा ते हास्य आत्मस्थ आणि तो दुसऱ्याला हसवतो तेव्हा परस्थ. या दुसऱ्या शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी तुमचे ते वाक्य. ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ हे मराठीत प्रश्नासारखे दिसत असले तरी उत्तर मिळवण्यासाठी ते आजवर कोणी विचारलेले मला आठवत नाही. ‘तुला काही कळतं का?’ हा जसा चौकशीचा प्रश्न नव्हे, तसाच हाही नव्हे. तुम्ही तो मालिकेबद्दल विचारलात, पण तो जाऊन लागला हसणाऱ्यांना. मालिका बनवणारे तिथे नव्हते. तिथे पाच माणसे होती, जी काही क्षणांपूर्वी मनापासून हसली होती, आणि आपण उगाचच हसलो असे त्यांना एका वाक्यात सांगितले गेले. रोजच्या बोलण्यात मालिकांवर, नटांवर, गाण्यांवर जी मते दिली-घेतली जातात, त्यांचे काम परीक्षकाच्या निकालासारखे नसते. आदल्या रात्रीचा प्रसंग रंगवून सांगणारा सहकारी तुमच्याकडे गुण मागत नाही. आपली संध्याकाळ बरी गेली, तिचा थोडा वाटा तुम्ही घ्या, एवढेच त्याचे म्हणणे असते. तुम्ही वाटा घेण्याऐवजी माल तपासून परत केलात, आणि मग भरपाई म्हणून महिनोन्‌महिने खोटी पावती देत राहिलात.

मत देऊच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्या टेबलावर नावडते मत बोलता येत नाही तिथे फार काळ बसू नये, या मताची मी आहे. पण नावड सांगायची तर ती स्वतःची म्हणून सांगावी आणि एखाद्या नेमक्या जागेविषयी सांगावी. ‘मला ती मालिका जमत नाही, मला सगळी माणसं एकाच पट्टीत ओरडतात असं वाटतं, पण तो दिवा मालवणारा मात्र आवडतो,’ असे कोणी म्हटले तर त्यावर तासभर वाद घालता येतो, आणि असा वाद हीच त्या जेवणाची चव असते. जे कळले नाही ते खरोखरीच्या प्रश्नानेही विचारता येते. ‘तो बटणाकडे बघतो तिथं तुम्ही सगळे हसलात, आधी काय झालं होतं?’ असे विचारून पाहा. मालिकेच्या भक्ताला मागचा संदर्भ सांगायला मिळण्याइतका दुसरा आनंद नसतो, आणि त्या सांगण्यात पाचजण एकमेकांच्या चुका दुरुस्त करत जो गोंधळ घालतील तो मालिकेपेक्षा करमणुकीचा असण्याची शक्यता बरीच आहे.

खोटे हसू मात्र उद्यापासून बंद करा. टेबलाला त्याची गरज नाही. ‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या एका लष्करी रुग्णालयावरची मालिका होती. तिच्या निर्मात्यांना पेटीतला हशा नको होता, वाहिनीला तो हवाच होता. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांना हशा जोडायचा नाही. त्या दृश्यांत विनोद असत, आणि ते हशाविना ऐकू येत. प्रेक्षकांचे काही अडले नाही. मालिका 11 हंगाम चालली. तुमच्याही टेबलावर एक माणूस न हसता, मान कलती करून, नीट ऐकत बसला तर कोणाचे काही अडणार नाही, आणि सांगणाऱ्याला कदाचित तेच अधिक आवडेल.

जुन्या मालिका चांगल्या होत्या का, हा तुमचा प्रश्न मी थोडक्यात उरकते. जुन्यातले जे टाकाऊ होते ते आपण विसरलो आहोत आणि नव्यातले टाकाऊ रोज समोर आहे, त्यामुळे ही तुलना कधीच न्याय्य होत नाही. शिवाय तुम्हाला आठवते आहे ती नुसती मालिका नव्हे. तेव्हा घरात एक टीव्ही, एक वेळ आणि एक खोली असे, आणि ज्याला हसू आले नाही त्यालाही शेजारच्याच्या हसण्याने गुदगुल्या होत. ‘मॅश’चा शेवटचा भाग 28 फेब्रुवारी 1983 रोजी दाखवला गेला तेव्हा एकट्या अमेरिकेत तो 10 कोटींहून अधिक लोकांनी एकाच संध्याकाळी पाहिला. आता एकाच घरातली तीन माणसे एकच मालिका तीन पडद्यांवर तीन वेळांना पाहतात. तुमचे पोट दुखायचे त्याचे श्रेय सगळेच त्या काळच्या लेखकांना देऊ नका.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढे लांबवले त्याकडे येते. त्या सभेला तुमच्या टेबलावरचे पाचहीजण होते, असे मी धरून चालते आहे, कारण कार्यालय एकच आहे. तो पाऊण तास तेही ताटकळले होते आणि पडद्यावरचा तो शब्द त्यांनीही पाहिला होता. दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही ती गोष्ट त्यांना सांगितलीत का? पत्रात तसा उल्लेख नाही. तुम्ही ती मला लिहिलीत, ताज्या कलमात, ‘हे विचित्र आहे का’ अशी पुस्ती जोडून. सहाजणांच्या टेबलावर तुम्ही खोटे हसता आणि खरे हसू आले की खोकल्याचे निमित्त करून व्हरांड्यात जाता. तुमची अडचण मला इथे दिसते. मालिका त्यात निमित्तमात्र आहे. भरतांचे आत्मस्थ हास्य तुमच्याकडे भरपूर आहे. ते परस्थ होऊ द्यायला तुम्ही तयार नाही, आणि दुसऱ्यांचा विनोद आपल्याला हसवत नाही याची खंत करता करता, आपला विनोद आपण कोणाला ऐकवतच नाही हे तुमच्या लक्षात आलेले नाही. कदाचित तो लोकांना कळणार नाही अशी भीती असेल. नाही कळला तर नाही कळला. माझ्या भाषणात खुर्ची सरकली होती, तुमच्या वेळी फार तर चमचा पडेल.

घरी मात्र आधी कबुली द्या. मुलीने ‘बाबा, तू खोटं हसतोस’ असे म्हटलेले नाही, ‘आमच्यानंतर हसतोस’ असे म्हटले आहे. चौदा वर्षांच्या मुलीने एवढा मुलाहिजा राखला, तेव्हा तुम्हीही तिला सरळ सांगायला हवे की मला या मालिकेत हसू येत नाही, तुम्ही दोघी हसता म्हणून मी हसत होतो. ती रागावेल किंवा हसेल, आणि किती दिवसांपासून असे चालले आहे ते बहुधा विचारेल. तारखेसकट सांगा. त्यानंतरही रोज त्यांच्या शेजारी बसत जा, पण पडद्याकडे पाहण्याची सक्ती स्वतःवर करू नका. त्या दोघींकडे पाहा. आधी कोण हसते, वाक्य पुरे होण्याआधी कोणाचे खांदे हलू लागतात, कोणत्या पात्राच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने पत्नी उशी पुढे ओढते, हे टिपायला तुमच्यासारखा बारीक नजरेचा माणूस हवा. तिथे तुम्हाला हसू आले तर ते वेळेवर येईल.

आणि जाहिरात लागली की सभेची गोष्ट त्यांना सांगून टाका. फक्त सांगताना एक पथ्य पाळा. पत्रात तुम्ही विषय आधी सांगितलात आणि उशीर मग, ते ठीक होते, कारण मी वाचत होते. तोंडाने सांगताना आधी पाऊण तास बसवून ठेवा: रिकाम्या खुर्च्या, घड्याळाकडे बघणारे साहेब, कोणीतरी पंखा लावला, कोणीतरी बंद केला. मग वक्ता येऊ द्या, त्याला घसा खाकरू द्या, पडदा उजळू द्या. ‘वक्तशीरपणा’ हा शब्द अगदी शेवटी येऊ द्या, आणि तो उच्चारल्यावर स्वतः आधी हसू नका.